आल्बर्ट मायकेल्सन : एका निष्फळ प्रयोगाची फलश्रुती

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना आपले लक्ष सहसा त्यांनी काय मिळविले ह्याकडे असते. अमक्याने नवा ग्रह शोधून काढला, तमक्याने नवे यंत्र घडविले, अशा नोंदींवरून आपण शास्त्रज्ञाची थोरवी ठरवितो. परंतु ज्याला हवे ते सापडले नाही, आणि ते सापडले नाही हे ज्याने आकड्यांनिशी जगापुढे मांडले, अशाही एका शास्त्रज्ञाचे नाव आज पदार्थविज्ञानाच्या ग्रंथांतून आदराने घेतले जाते. तो शास्त्रज्ञ म्हणजे अमेरिकेचा आल्बर्ट अब्राहम मायकेल्सन. नकारार्थी निष्कर्ष प्रामाणिकपणे प्रसिद्ध करण्याने ज्ञानाची केवढी सेवा होते, हे त्याच्या चरित्रावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या कोणाच्या चरित्रावरून होत असेल.

मायकेल्सनचा जन्म १९ डिसेंबर १८५२ रोजी स्ट्रेल्नो ह्या लहानशा गावी झाला. हे गाव त्या वेळी प्रशियाच्या राज्यात होते. आज ते पोलंडमध्ये मोडते. आईबाप ज्यू होते व परिस्थिती बेताची होती. आल्बर्ट दोनतीन वर्षांचा असतानाच हे कुटुंब समुद्र ओलांडून अमेरिकेत गेले. कॅलिफोर्नियात तेव्हा सोन्याच्या खाणींची धामधूम चालू होती. खाणकामगारांच्या वस्तीत वडिलांनी किरकोळ मालाचे दुकान थाटले आणि आल्बर्टचे बालपण त्या धुळीने भरलेल्या, दांडग्या गावांतून गेले. माध्यमिक शिक्षणासाठी त्याला सॅन फ्रान्सिस्कोला पाठविण्यात आले. तेथील मुख्याध्यापकांनी ह्या मुलाच्या हातातले कौशल्य हेरले. शाळेतील शास्त्रीय उपकरणांची देखभाल त्यांनी त्याच्याकडे सोपविली आणि त्याबद्दल दरमहा ३ डॉलर देऊ केले. पुढे ज्या हातांनी जगातील अत्यंत सूक्ष्म मापने करावयाची होती, त्या हातांना पहिले वळण येथे लागले.

१८६९ साली त्याने आरमारी विद्यालयाच्या प्रवेशासाठी परीक्षा दिली. त्याला आणखी एका विद्यार्थ्याइतकेच गुण पडले आणि जागा दुसऱ्याला मिळाली. सोळा वर्षांचा हा मुलगा निराश होऊन घरी बसला नाही. त्याच वर्षी अमेरिकेचे दोन किनारे जोडणारी रेल्वे पुरी झाली होती. तिने सारा खंड ओलांडून तो राजधानीत पोहोचला आणि राष्ट्राध्यक्ष ग्रँट ह्यांना भेटला. राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारात दहा नेमणुका होत्या आणि त्या दहाही होऊन चुकल्या होत्या. तथापि मुलाची चिकाटी पाहून अखेर नियम बाजूस सारून त्याला अकरावी जागा देण्यात आली. १८७३ साली तो पदवी घेऊन बाहेर पडला, तेव्हा प्रकाशशास्त्रात त्याचा क्रमांक पहिला होता, पण नौकानयनात तो बराच मागे होता. आरमाराला एक सामान्य अधिकारी मिळण्याऐवजी विज्ञानाला एक असामान्य संशोधक मिळणार, हे तेव्हाच दिसू लागले होते.

दोन वर्षांनी तो त्याच विद्यालयात पदार्थविज्ञान व रसायन शिकवू लागला. वर्गात दाखविण्यासाठी प्रकाशाच्या वेगाचा एक प्रयोग तो मांडीत होता. तो मांडता मांडता फूको ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या फिरत्या आरशाच्या पद्धतीत एक सुधारणा त्याच्या ध्यानात आली. पहिल्या प्रयत्नाला अवघा १० डॉलरांच्या आसपास खर्च आला. पुढे सासऱ्यांनी २,००० डॉलरांचे साहाय्य केले आणि १८७९ साली मायकेल्सनने प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९९,९१० किलोमीटर असल्याचे जाहीर केले. आज मान्य असलेला आकडा २,९९,७९२ असा आहे. साधने किती साधी होती हे लक्षात घेतले म्हणजे सव्वीस वर्षांच्या तरुणाने केलेले हे मापन किती अचूक होते ते कळते. ह्या कामाने त्याचे नाव झाले. परंतु त्याचे नाव ज्यामुळे अमर झाले तो प्रश्न अजून त्याच्या वाट्याला यावयाचा होता.

त्या काळी सर्व पंडितांची अशी दृढ समजूत होती की, लाट म्हटली की ती कशात तरी उठली पाहिजे. पाण्याची लाट पाण्यात उठते, ध्वनीची लहर हवेत उठते. मग सूर्यापासून पृथ्वीपर्यंत रिकाम्या अवकाशातून येणारी प्रकाशाची लहर कशात उठते? ह्याचे उत्तर म्हणून ईथर नावाचे एक द्रव्य कल्पिले गेले होते. ते सर्व विश्वात भरलेले आहे, ते स्थिर आहे, पृथ्वी त्यातून सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावत आहे, असे मानीत. धावत्या गाडीच्या खिडकीतून डोके बाहेर काढले तर वारा लागतो. तसाच ईथरचा वारा पृथ्वीला लागत असला पाहिजे. तो वारा प्रत्यक्ष मोजावा कसा, एवढाच प्रश्न उरला होता.

थोर गणिती मॅक्सवेल ह्याने १८७९ साली वॉशिंग्टनच्या नाविक पंचांग कार्यालयातील एका ज्योतिर्विदाला लिहिलेल्या पत्रात ह्या प्रश्नाचा ऊहापोह केला होता. पृथ्वीचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या दहा हजारांश आहे. प्रयोगशाळेत प्रकाश जाऊन परत येतो तेव्हा जो फरक पडावयाचा तो ह्या दहा हजारांशाच्याही वर्गाइतका, म्हणजे दहा कोटींत एक, एवढाच असणार. इतके सूक्ष्म मापन पृथ्वीवर कोणास साधणार नाही, असा मॅक्सवेलचा अभिप्राय होता. मायकेल्सन त्याच सुमारास त्या कार्यालयात काम करू लागला होता. ते पत्र त्याच्या वाचनात आले, आणि जे अशक्य म्हणून सांगितले गेले तेच करून पाहावयाचे त्याने मनाशी ठरविले.

त्याची युक्ती समजण्यासाठी एक साधे गणित करून पाहू. एका नदीचा प्रवाह ताशी ३ किलोमीटर आहे आणि संथ पाण्यात होडीचा वेग ताशी ५ किलोमीटर आहे. एक होडी प्रवाहाबरोबर ४ किलोमीटर जाऊन परत आली, तर जाताना तिचा वेग ८ व येताना २ पडतो. म्हणजे अर्धा तास आणि दोन तास मिळून अडीच तास होतात. दुसरी होडी तितकेच अंतर सरळ आडवी जाऊन परत आली, तर तिला प्रवाहाशी तिरके झुंजावे लागते व तिचा वेग ४ पडतो. तिला दोनच तास लागतात. अंतर सारखे असूनही वेळेत अर्ध्या तासाचा फरक पडला, आणि नदीचे पाणी डोळ्यांनी न पाहता केवळ ह्या फरकावरून प्रवाहाचा वेग काढता येतो. मायकेल्सनने होड्यांच्या जागी प्रकाशाचे दोन किरण घेतले. अर्धवट पारा चढविलेल्यासारख्या काचेवर एक किरण पाडून त्याचे दोन भाग करावयाचे, ते एकमेकांशी काटकोनात धाडावयाचे आणि आरशांवरून परतवून पुन्हा एकत्र आणावयाचे. दोन लहरी एकमेकींत मिसळल्या की उजेडाच्या व काळोखाच्या पट्ट्या दिसतात. उपकरण फिरविले म्हणजे ईथरच्या वाऱ्याच्या दिशेत कधी हा किरण येईल, कधी तो. आणि त्या मानाने पट्ट्या किंचित सरकतील. ह्या उपकरणाला इंटरफेरोमीटर असे नाव पडले.

१८८० साली तो युरोपात गेला आणि बर्लिनला हेल्महोल्ट्झच्या प्रयोगशाळेत काम करू लागला. उपकरणाचा खर्च टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्याच्या साहाय्याने भागला. बर्लिनच्या रस्त्यांवरील रहदारीने रात्रीसुद्धा पट्ट्या इतक्या थरथरत की वाचन घेणे अशक्य होई. तेव्हा उपकरण पॉट्सडॅमच्या वेधशाळेच्या तळघरात हलविले. तेथेही वेधशाळेपासून शंभर मीटरांवर कोणी पाय आपटला तरी पट्ट्या दिसेनाशा होत. अशा परिस्थितीत १८८१ च्या एप्रिलमध्ये त्याने प्रयोग पुरा केला. पट्ट्या सरकल्या नाहीत. ईथरचा वारा लागत नाही, असे त्याने स्पष्ट लिहून अमेरिकेतील एका शास्त्रीय मासिकात प्रसिद्ध केले.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याच्या गणितात एक चूक राहून गेली होती. आडव्या जाणाऱ्या किरणालाही थोडा अधिक वेळ लागतो, ही गोष्ट त्याने जमेस धरली नव्हती. पोत्ये ह्या फ्रेंच व लोरेन्ट्स ह्या डच शास्त्रज्ञाने ती चूक दाखवून दिली. दुरुस्त गणिताप्रमाणे अपेक्षित फरक निम्म्यावर आला आणि तो उपकरणाच्या चुकीच्या मर्यादेतच पडला. म्हणजे पॉट्सडॅमच्या प्रयोगावरून होय म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना. मायकेल्सनने आपला निष्कर्ष छापला नसता, तर ही चूक कोणाच्या दृष्टीस पडली असती? छापल्यामुळे ती उघडकीस आली, आणि पुढचा प्रयोग किती सूक्ष्म असला पाहिजे तेही ठरले.

१८८२ पासून मायकेल्सन क्लीव्हलंड शहरातील केस विद्यालयात अध्यापक होता. शेजारच्याच विद्यापीठात एडवर्ड मॉर्ली हा रसायनाचा प्राध्यापक होता. मॉर्ली वयाने मोठा, शांत व काटेकोर स्वभावाचा होता. दोघांची मैत्री जमली. १८८५ साली अतिश्रमाने मायकेल्सनचे मनःस्वास्थ्य बिघडले व काही महिने त्याला काम सोडावे लागले. १८८६ च्या ऑक्टोबरात विद्यालयाची मुख्य इमारत आगीत भस्मसात झाली. तरीही उद्योग थांबला नाही. मॉर्लीच्या विद्यापीठातील एका इमारतीच्या तळघरात नवे उपकरण उभे राहिले. दीड मीटर लांब, तितकीच रुंद आणि ३० सेंटिमीटर जाड अशी वालुकाश्माची शिळा त्यांनी घेतली. ती एका लाकडी कड्यावर ठेवून बिडाच्या गोल चरात भरलेल्या पाऱ्यावर तरंगत ठेवली. त्यामुळे धक्के लागत नसत आणि बोटाने ढकलले तरी ती अवजड शिळा संथपणे फिरत राही. आरशांवरून किरण मागे पुढे पाठवून त्याचा मार्ग सुमारे ११ मीटर लांब केला. शिळेची एक फेरी सहा मिनिटांत पुरी होई. निरीक्षकाने तिच्याबरोबर चालावयाचे, दुर्बिणीला डोळा लावावयाचा आणि फेरीत सोळा ठिकाणी वाचन घ्यावयाचे, असा क्रम होता.

१८८७ च्या जुलै महिन्यात, ८ पासून १२ तारखेपर्यंत, कधी दुपारी तर कधी सायंकाळी ही वाचने घेण्यात आली. ईथर स्थिर असेल तर पट्टी आपल्या रुंदीच्या ०.४ इतकी सरकावयास हवी होती. प्रत्यक्षात जो फरक दिसला तो ह्याच्या विसाव्या भागाहून कमी होता, बहुधा चाळिसाव्या भागाहूनही कमी होता. ईथरचा वारा लागत नव्हता.

त्या क्षणी मायकेल्सनच्या मनाची काय अवस्था झाली असेल ह्याची कल्पना करावी. ईथर आहे ह्याबद्दल त्याला स्वतःला तिळमात्र शंका नव्हती. त्याचा वेग मोजून दाखवावा, हीच त्याची महत्त्वाकांक्षा होती. सहा वर्षे घालवून, आजार व आग सोसून हाती काय लागले, तर काहीच नाही. दर तीन महिन्यांनी हा प्रयोग पुन्हा करावयाचा त्यांचा बेत होता. तोही त्यांनी सोडून दिला. असे असता कागद गुंडाळून कपाटात ठेवणे किती सोपे होते! नको असलेली वाचने गाळून, उरलेल्यांतून थोडाबहुत वारा काढून दाखविण्याचा मोहही एखाद्याला झाला असता. मायकेल्सन व मॉर्ली ह्यांनी ह्यांपैकी काहीही केले नाही. उपकरणाची रचना, वाचनांचे तक्ते, अपेक्षित आकडा आणि आलेला आकडा, हे सारे त्यांनी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात छापून प्रसिद्ध केले. पहिल्या निबंधातील गणिताची चूक त्यात मान्य केली. इतकेच नव्हे, तर आपल्या निष्कर्षाची मर्यादाही सांगितली. पृथ्वी व ईथर ह्यांचा परस्परसापेक्ष वेग पृथ्वीच्या वेगाच्या चतुर्थांशाहून खात्रीने कमी आहे आणि षष्ठांशाहून बहुधा कमी आहे, एवढाच दावा त्यांनी केला.

नुसते सापडले नाही म्हणणे निराळे, आणि किती बारकाईने पाहूनही सापडले नाही ते सांगणे निराळे. अंधाऱ्या खोलीत दारातून डोकावून आत कोणी नाही म्हणणाऱ्याच्या शब्दाला किंमत नसते. दिवा घेऊन कानाकोपरा धुंडाळलेल्याच्या शब्दाला असते. मायकेल्सनच्या नकाराला जी किंमत आली ती ह्या दिव्यामुळे आली. त्यामुळेच दुसऱ्यांना त्या नकारावर विसंबून पुढे विचार करता आला.

आणि तो विचार लगेच सुरू झाला. १८८९ साली डब्लिनच्या फिट्झजेराल्डने ह्या प्रयोगाचा उल्लेख करून अशी कल्पना मांडली की, गतीच्या दिशेने वस्तूंची लांबीच किंचित कमी होत असावी. १८९२ साली लोरेन्ट्सने स्वतंत्रपणे तीच कल्पना मांडली आणि पुढील बारा वर्षे तिची गणिते करण्यात घालविली. १९०५ साली आइन्स्टाइनने आपला सापेक्षतावाद मांडला, त्यात ईथरची गरजच उरली नाही. आइन्स्टाइनच्या त्या निबंधात मायकेल्सनचे नाव नाही. पृथ्वीची गती प्रकाशाच्या साहाय्याने शोधण्याचे प्रयत्न निष्फळ झाल्याचा सामान्य उल्लेख मात्र आहे. त्याच्या विचारावर ह्या एका प्रयोगाचा प्रभाव किती पडला ह्याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु लोरेन्ट्ससारख्यांच्या मनात हा नकार वर्षानुवर्षे काट्यासारखा सलत होता आणि त्या सलण्यातून नव्या पदार्थविज्ञानाची वाट मोकळी झाली, ह्यात मतभेद नाही.

मायकेल्सन स्वतः मात्र निराळ्या कामाला लागला. वाऱ्यासाठी बनविलेले उपकरण अन्य कामी किती उपयोगी आहे हे त्याने ओळखले. पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या प्रमाण मीटरची लांबी त्याने १८९२-९३ साली कॅडमियमच्या तांबड्या प्रकाशाच्या लहरींनी मोजली, ती १५,५३,१६३.५ लहरींइतकी भरली. १८९२ पासून तो शिकागो विद्यापीठात प्राध्यापक होता. १९०७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानासाठी हा मान मिळविणारा तो पहिला अमेरिकन होय. पारितोषिक मिळाले ते सूक्ष्म प्रकाशीय उपकरणांबद्दल व त्यांच्या योगे केलेल्या मापनांबद्दल. ईथरच्या प्रयोगाचा त्यात उल्लेखही नव्हता. १९२० साली त्याने मृग नक्षत्रातील काक्षी ह्या ताऱ्याचा व्यास मोजण्याची सोय करून दिली. सूर्याखेरीज अन्य ताऱ्याचा व्यास प्रथमच मोजला गेला. १९२६ साली कॅलिफोर्नियातील दोन पर्वतांच्या दरम्यान, सुमारे ३५ किलोमीटर अंतरावर प्रकाश धाडून त्याने काढलेला वेग आजच्या आकड्याच्या ४ किलोमीटरांच्या आत आला.

ह्या यशस्वी आयुष्याच्या संध्याकाळी त्याच्या प्रामाणिकपणाची पुन्हा एकदा कसोटी लागली. डेटन मिलर ह्या शास्त्रज्ञाने माउंट विल्सन येथे केलेल्या प्रयोगांवरून, ईथरचा वारा थोडासा का होईना आढळला, असे १९२५ साली जाहीर केले. ईथर खरा ठरावा असे ज्याला मनापासून वाटत होते, असा मायकेल्सनइतका दुसरा कोणी नसेल. सापेक्षतावाद त्याला कधीच पूर्णपणे रुचला नव्हता. १९२७ सालच्या आपल्या ग्रंथातही ईथरविषयी त्याने ममतेने लिहिले आहे. मिलरच्या बाजूने मान डोलावली असती, तर त्याचे सारे आयुष्य ज्या स्वप्नात गेले ते खरे झाल्यासारखे वाटले असते. पण पंचाहत्तरीला आलेल्या ह्या वृद्धाने पीज व पिअर्सन ह्या सहकाऱ्यांना घेऊन तोच प्रयोग पुन्हा मांडला आणि १९२९ साली पूर्वीचेच उत्तर पुन्हा छापले. अपेक्षित फरक आढळला नाही. पुढे १९५५ साली मिलरच्या नोंदी तपासून पाहण्यात आल्या, तेव्हा त्याला दिसलेला फरक मुख्यतः तपमानातील चढउतारांमुळे पडला असावा असे दिसून आले. मिलरनेही आपल्या नोंदी जपून ठेवल्या होत्या म्हणूनच हे कळू शकले, हेही त्याच्या नावे जमा धरले पाहिजे.

१९३१ च्या जानेवारीत पॅसाडीना येथे आइन्स्टाइन व मायकेल्सन ह्यांची भेट झाली. त्या वेळी मायकेल्सनची प्रकृती खालावली होती. तरीही एक मैल लांबीच्या निर्वात नळीत प्रकाशाचा वेग मोजण्याचे काम त्याने हाती घेतले होते. ते पुरे होण्यापूर्वीच ९ मे १९३१ रोजी त्याने देह ठेवला. सहकाऱ्यांनी ते काम तडीस नेले.

त्याच्या त्या निष्फळ प्रयोगाचे उपकरण मात्र अजून जिवंत आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळांना गुरुत्वीय लहरींचा पहिला संकेत मिळाला. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. त्यांतून उठलेल्या त्या लहरी होत्या. ह्या वेधशाळांचे यंत्र म्हणजे मूलतः मायकेल्सनचाच इंटरफेरोमीटर. फक्त त्याच्या दोन भुजा ४-४ किलोमीटर लांबीच्या आहेत. तशीच एक वेधशाळा महाराष्ट्रात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथच्या परिसरात उभारण्यास २०२३ साली केंद्र सरकारने मंजुरी दिली. ज्या यंत्राने ईथरचा वारा नाही असे सांगितले, त्याच यंत्राच्या वंशजाला नागनाथाच्या ज्योतिर्लिंगाशेजारी स्थान मिळावे, हा योग मोठा मनोज्ञ आहे.

आज संशोधनाचा पसारा वाढला आहे आणि नकारार्थी निष्कर्ष दडपण्याचा मोहही वाढला आहे. एका औषधाची दहा ठिकाणी चाचणी झाली, नऊ ठिकाणी गुण आला नाही, पण एका ठिकाणी आला व तेवढेच छापले गेले, तर वाचणाऱ्या वैद्याची फसगत होते आणि तिची किंमत रोग्याला मोजावी लागते. म्हणूनच औषधांच्या माणसांवरील चाचण्या आरंभीच सार्वजनिक नोंदवहीत नोंदविण्याचा दंडक जगभर रूढ झाला. भारतात तो २००९ पासून सक्तीचा आहे. एकदा नोंद झाली की अपयश गुपचूप नाहीसे होऊ शकत नाही.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत ईथरचा शोध घ्यावयाचा नसतो. लंबकाचे दोलन मोजावयाचे असते, नाहीतर भिंगाचे केंद्रांतर काढावयाचे असते. पुस्तकात दिलेले उत्तर आणि आपल्याला आलेले उत्तर जुळत नाही, तेव्हा शेजाऱ्याच्या वहीतला आकडा उतरवून घेणे किंवा उत्तरावरून उलट वाचने लिहिणे सोपे असते. त्या वेळी क्लीव्हलंडच्या त्या तळघरात फिरणाऱ्या शिळेभोवती दुर्बिणीला डोळा लावून चालणारा मायकेल्सन आठवावा. आलेला आकडा जसाच्या तसा लिहावा, कोणत्या साधनाने व किती वेळा मोजला ते लिहावे, आणि मग शिक्षकांना जाऊन विचारावे की असे का आले. कदाचित दोरीची लांबी मोजताना चूक झाली असेल, कदाचित भिंगावरचा क्रमांक चुकीचा असेल. खरे कारण सापडावयाचे असेल, तर आधी खरे वाचन वहीत असावे लागते.